कॅडचा सराव : आधी वजन जुळव, मग माप बदल

सोलापूर,
२ फेब्रुवारी

प्रिय संतोष,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. कॅडमध्ये (संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये) टू-डी ड्राफ्टिंगवर हात बसलेला असताना थ्री-डी शिकायला घेतलंस, हे फार बरं केलंस. रोज एक ड्रॉइंग सोडवतोस, मॉडेल होतंही, पण एक माप बदललं की अर्धं फीचर ट्री (मॉडेल घडवण्याच्या पायऱ्यांची यादी) लाल होतं, म्हणजे त्या पायऱ्या बिघडतात, असं तू लिहिलं आहेस. त्याचं उत्तर तुझ्या सरावाच्या पद्धतीत आहे. आकार स्क्रीनवर उमटला की तू थांबतोस. त्यानंतर दोन कामं उरतात: वजन ताडून पाहायचं, आणि मुद्दाम मापं बदलून मॉडेल टिकतं का ते बघायचं. ही दोन्ही कामं करून काढलेले दहा भाग मला नुसत्या काढलेल्या शंभर भागांपेक्षा मोलाचे वाटतात.

एक भाग देतो. प्लेट १००×६०, जाडी १२ मिमी, चारही कोपऱ्यांना १० ची त्रिज्या. त्या त्रिज्यांच्याच केंद्रांवर ९ मिमीची चार आरपार भोकं, म्हणजे एम-८ बोल्टसाठी, अंतर ८०×४०. प्लेटच्या मध्यावर ४० व्यासाचा बॉस (गोल उंचवटा), उंची प्लेटच्या तळापासून ४२. बॉसमधून २५ चा आरपार बोअर (गोल भोक). मटेरियल बीड (कास्ट आयर्न), घनता ७२०० किलो प्रति घनमीटर. उत्तर असं यायला हवं: आकारमान ८४,९९८.७ घन मिमी, वजन ६१२ ग्रॅम, गुरुत्वमध्य तळापासून ११.६८ मिमीवर. सॉलिडवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये ८५ ग्रॅम आलं तर मटेरियल लावायचं राहिलं आहे. तिथे मुळात पाण्याची घनता धरलेली असते.

आता जाडी १२ ची १६ कर आणि बाकी कशालाही हात लावू नकोस. वजन ७३९ ग्रॅम आलं पाहिजे. ७६१ आलं, तर बॉसची उंची तू प्लेटच्या वरच्या पृष्ठापासून ३० दिली आहेस, म्हणून बॉस ४६ वर गेला. ७७५ आलं, तर उंचीची तीच चूक आहे आणि शिवाय बोअरला 'आरपार' न सांगता ४२ खोली दिली आहेस. आत ४ मिमीचा पडदा राहिला आहे, सेक्शन (छेद) काढून बघ. ७४६ आलं, तर चार भोकं १२ खोलीची आंधळी (आरपार न जाणारी) आहेत. पहिल्या मॉडेलमध्ये या सगळ्या प्रकारांचं वजन ६१२ च येतं. म्हणून तर माप बदलल्याशिवाय मॉडेल बरोबर आहे असं म्हणता येत नाही.

यातून सवय एवढीच लावायची की ड्रॉइंगवर माप जिथून दिलं आहे तिथूनच मॉडेलमध्ये द्यायचं. ४२ मधून १२ मनात वजा करून ३० टाकलंस की ड्रॉइंग काढणाऱ्याचा हेतू तिथेच हरवतो. त्या ४२ वर दुसरा भाग बसणार असतो, ३० वर काहीच बसत नाही. तसंच ८०×४० हे अंतर मध्यरेषेपासून सममित दे, कडेपासून १० देऊ नकोस. उद्या प्लेट १२० ची झाली तरी समोरच्या यंत्रातली बोल्टची जागा हलत नाही.

मापं आणि बंधनं देऊन स्केच पूर्ण बांधल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. सॉफ्टवेअर दाखवतं त्या रेषांच्या रंगावर विसंबण्यापेक्षा एखादा बिंदू माऊसने ओढून बघ. हलला तर काहीतरी राहिलं आहे. कोपऱ्याच्या त्रिज्या (फिलेट) आणि चँफर (तिरपी कापलेली कड) स्केचमध्ये न घेता फीचर म्हणून शेवटी घे. ओतीव भागाला ड्राफ्ट (साच्यातून सुटण्यासाठीचा उतार) द्यायचा असेल तर तो फिलेटच्या आधी. कारण फिलेट झालेल्या कडेवरून ड्राफ्ट देताना बहुतेक वेळा फीचर पडतं. डबीसारखा पोकळ भाग असेल तर मात्र बाहेरची फिलेट शेलच्या (भाग आतून पोकळ करणाऱ्या फीचरच्या) आधी घे: बाहेर ३ ची त्रिज्या आणि भिंत २ असेल तर आत आपोआप १ ची येते आणि कोपऱ्यातही भिंत सारखी राहते.

याच भागावर पुढचं आव्हान चावीच्या गाळ्याचं, म्हणजे शाफ्ट आणि बॉस एकत्र फिरावेत म्हणून घालायच्या चावीच्या खाचेचं. २५ च्या बोअरला चावी ८×७ ची, हबमध्ये, म्हणजे बॉसमध्ये, गाळ्याची खोली ३.३. माप बोअरच्या समोरच्या कडेपासून २८.३ असं द्यायचं, कारण तपासताना व्हर्नियर तसाच लागतो. मग बोअर ३२ कर: चावी १०×८ होते, माप ३५.३. सॉफ्टवेअर एक शब्द बोलणार नाही, मॉडेल हिरवंगार दिसेल. पण ४० च्या बॉसमध्ये गाळ्याच्या वर मध्यावर ०.७ मिमी आणि गाळ्याच्या कोपऱ्याशी जेमतेम ०.०६ मिमी भिंत उरते. असा भाग हातात टिकायचा नाही. म्हणून बॉसच्या व्यासाला समीकरण लाव: बोअर अधिक १५. मग ३२ ला बॉस ४७ होतो आणि गाळ्यावर ४.२ भिंत राहते. समीकरण कुठे लावायचं हे अशाच भागांतून कळतं.

वजन एक चूक पकडत नाही, ती म्हणजे आरसा. आपल्याकडे ड्रॉइंग पहिल्या कोनातली असतात (उजवीकडून दिसणारं दृश्य डावीकडे काढतात), सरावाची अमेरिकी ड्रॉइंग तिसऱ्या कोनातली (उजवीकडचं उजवीकडेच). चिन्ह न बघता दृश्यं वाचलीस तर उजवा भाग डावा होतो आणि वजन मात्र ग्रॅमला ग्रॅम जुळतं. सममित नसलेल्या भागात गुरुत्वमध्याचे तिन्ही आकडे चिन्हासकट ताडून बघ. एककंही आधी पाहा. इंचातलं ड्रॉइंग मिमीत काढलंस तर आकारमान १६,३८७ पट कमी येईल, ते लगेच कळतं. पण एखादंच माप चुकीच्या एककात गेलं तर शोधायला वेळ लागतो.

असेंब्लीसाठी आपल्या गावात यंत्रमागासारखा दुसरा गुरू नाही. साध्या मागात क्रँक शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक पीक (एक आडवा धागा), आणि बॉटम शाफ्ट दोन पिकांना एकदा फिरतो. सरावापुरतं मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) ३ घेऊन २० आणि ४० दात्यांची जोडी कर. पिच व्यास (दोन चाकं जिथे एकमेकांना भेटतात त्या वर्तुळांचे) ६० आणि १२०, बाहेरचे ६६ आणि १२६, शाफ्टमधलं अंतर ९०. गिअर मेटला (दोन चाकांचं फिरणं जोडणाऱ्या बंधनाला) गुणोत्तर २:१ दे, पण त्याआधी एका चाकाचा दाता दुसऱ्याच्या खाचेसमोर फिरवून ठेव. तसं केलं नाहीस तर दाते एकमेकांत घुसलेले राहतील आणि फिरतील मात्र सुरळीत. मेट फक्त गुणोत्तर पाळतो, धातूला धातू लागतो का ते पाहत नाही. इंटरफिअरन्स (भाग एकमेकांत घुसतात का ही) तपासणी एकाच नव्हे, तीन-चार स्थितींत लाव. शाफ्टला ६२०५ बेअरिंग घाल: २५×५२×१५. मॉडेलमध्ये बेअरिंग ज्यात बसतं तो बोअर बरोबर ५२ च काढ. एच-७ ही भोकाच्या मापाची सूट म्हणजे ० ते +३० मायक्रॉन, ते ड्रॉइंगवर लिहायचं, मॉडेलमध्ये ५२.०१५ करत बसायचं नाही.

आणि लॉफ्ट (वेगवेगळे छेद जोडून आकार बनवणं) शिकायचा असेल तर मागात आडवा धागा नेणारा धोटा कर. जुने माग भंगारात निघतात, एखादा सहज मिळेल. दोन्ही टोकांना निमुळता, मधे कांडीची (धागा गुंडाळलेल्या नळीची) पोकळी, आणि पाठ व तळ यांच्यातला कोन काटकोनापेक्षा थोडा कमी, कारण फणी आणि रेस बोर्ड (धोटा ज्यावरून धावतो ती फळी) यांच्यात तो तसाच असतो. ९० धरून चालू नकोस, बेव्हल प्रोट्रॅक्टर लावून बघ. अर्धा धोटा काढून मिरर कर. प्रत्येक छेदात रेषांची आणि कंसांची संख्या सारखी ठेव. एकात चार आणि दुसऱ्यात सहा तुकडे असले की पृष्ठाला पीळ पडतो. छेद कमी ठेव, चार पुरेत, जास्त घातलेस की पृष्ठभाग लाटांसारखा दिसतो. मिररच्या प्रतलावर लॉफ्टची सुरुवात त्या प्रतलाला लंब असली पाहिजे, नाहीतर मधोमध कंगोरा उमटतो. डोळ्याला तो दिसणार नाही. झेब्रा पट्टे (पृष्ठावर काळे-पांढरे पट्टे दाखवणारी सोय) लाव, पट्टा जिथे मोडतो तिथे कंगोरा आहे.

प्रत्यक्ष वस्तू मोजताना दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर काढायला बाहेरच्या कडांमधलं आणि आतल्या कडांमधलं, अशी दोन मापं घे आणि त्यांची सरासरी काढ. भोकांचे व्यास वेगळे असले तरी उत्तर बरोबर येतं.

पत्र्याच्या कामाचा एकच नमुना देतो. २ मिमी पत्रा, आतली त्रिज्या २, काटकोनी एल, बाहेरून ५० आणि ३०. के-फॅक्टर (वाकताना न ताणला जाणारा थर जाडीत कुठे आहे ते सांगणारा आकडा) ०.४४ धरला तर सपाट लांबी ७६.५२ मिमी. ०.५ धरला तर ७६.७१. एका वाकाला फरक किरकोळ वाटतो, चार वाकांच्या पेटीत पाऊण मिमी होतो आणि झाकण बसत नाही. ज्या वर्कशॉपमध्ये वाकवणार, तिथलाच के-फॅक्टर विचारून घे.

सॉफ्टवेअर कोणतं घेऊ असं विचारलंस. घरी फ्रीकॅड घे, पण १.० किंवा त्यापुढचीच आवृत्ती. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० मध्ये, माप बदललं की पृष्ठांची नावं बदलून स्केच भलत्याच जागी जायचं, तो जुना त्रास बराच कमी केला आहे. तरीही स्केच पृष्ठावर न ठेवता शक्यतो मूळ प्रतलांवर ठेव. ऑनशेप या ऑनलाइन कॅडच्या फुकट खात्यातल्या फाइली सगळ्यांना दिसतात, तिथे कंपनीचं एकही ड्रॉइंग टाकू नकोस.

घड्याळ आत्ताच लावू नकोस. एक भाग सावकाश कर, चार-पाच दिवसांनी तोच कोऱ्या फाइलमध्ये पुन्हा कर, आणि वेळ तेव्हा मोज.

प्लेट आणि बॉसचा तो भाग झाला की फाइल पाठव. स्टेप (सगळ्या कॅड सॉफ्टवेअरना चालणारी फाइल) करून पाठवू नकोस, त्यात फीचर ट्री येत नाही आणि मला तेच बघायचं आहे. जाडी मी इथे बदलून बघेन.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
महेश