१३,३१२ बाइट्सचा हिशेब शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. मदतीचा गाजावाजा तुम्हाला आवडत नाही, हे तुमच्याशी दोन शब्द बोललेल्या कुणालाही कळतं. तरी पत्र उघड लिहितो आहोत, कारण जेएस१३के गेम्स या ब्राउझरमधले खेळ बनवण्याच्या स्पर्धेची मुदत जवळ आली की नवखी मुलं तुम्हाला तेच प्रश्न विचारतात आणि तुम्ही दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर देता. त्या उत्तरांनी काय काय सुटलं ते नेमकेपणाने मांडलं, तर आभारही पोचतील आणि पुढच्या १३ ऑगस्टला बसणाऱ्यांच्या हाती काहीतरी लागेल.

ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आंद्झेय माझुर यांनी २०१२ मध्ये ती सुरू केली. दर वर्षी १३ ऑगस्टला युरोपातल्या दुपारी एक वाजता, म्हणजे आपल्याकडे साडेचारला, विषय जाहीर होतो आणि १३ सप्टेंबरला त्याच वेळी दार बंद होतं. २०२४ चा विषय होता तेराच्या आकड्याची भीती, २०२५ चा काळी मांजर. ब्राउझरमध्ये चालणारा अख्खा खेळ एका झिपमध्ये, म्हणजे दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये, बसवायचा आणि ती झिप १३ किलोबाइटच्या आत ठेवायची. बाहेरून फाँट, लायब्ररी, चित्र काहीही ओढायचं नाही.

तुमचं पहिलं उत्तर नेहमी आकड्याचंच असतं. १३ किलोबाइट म्हणजे १३ गुणिले १,०२४, म्हणजे १३,३१२ बाइट्स, आणि मोजायची ती झिप, कोड नव्हे. ऐकायला साधी गोष्ट, पण जवळजवळ प्रत्येक नवखा इथेच चुकतो. चाळीस किलोबाइटचा कोड पाहून घाबरतो आणि तिसऱ्याच दिवशी व्हेरिएबलची नावं हाताने एकेका अक्षराची करून टाकतो. मग चौथ्या आठवड्यात स्वतःचाच कोड वाचता येत नाही. नावं लहान करणं हे टर्सरचं, म्हणजे कोड आपोआप आखूड करणाऱ्या साधनाचं काम आहे, आणि फाइलच्या वरच्या पातळीवरची नावंही लहान व्हायला हवी असतील तर त्यात ‘टॉपलेव्हल’ चालू करावं लागतं, हे तुम्ही सांगितल्याने कितीतरी जणांचा कोड माणसांनी वाचण्याजोगा राहिला. वाचनीय कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर द्यावाच लागतो, त्यामुळे तो फायदा दुहेरी.

ऑब्जेक्टच्या गुणधर्मांची नावं मात्र टर्सर आपणहून लहान करत नाही. त्यावर तुमची युक्ती अशी: आपल्या नावांच्या आधी अंडरस्कोर लावायचा आणि टर्सरला फक्त तेवढीच नावं बदलायला सांगायची. सरसकट सगळी बदलायला सांगितली की गडबड होते. जिथे नाव मजकूर म्हणून व्हेरिएबलमध्ये ठेवून मग चौकटी कंसात वापरलंय तिथे जुनं नाव राहतं, इतरत्र नवं येतं, आणि खेळ फक्त शेवटच्या बिल्डमध्ये, म्हणजे जमा करायच्या तयार आवृत्तीत, बंद पडतो. साठवून ठेवलेल्या गुणांच्या बाबतीतही हेच घडतं. या बिल्डने लिहिलेलं नाव पुढच्या बिल्डला ओळखू येत नाही.

पण आमच्या मते तुमचं सगळ्यात मोलाचं देणं म्हणजे झिप आतून कशी चालते हे तुम्ही समजावलंत. झिप आधी आलेला मजकूर पुन्हा दिसला की तो परत लिहीत नाही. ‘इतक्या अंतरावर मागे जा, इतकी अक्षरं उचल’ एवढंच नोंदवते, आणि मागे पाहण्याची तिची हद्द ३२ किलोबाइट असते. म्हणून चांगल्या प्रोग्रामरच्या हाताला लागलेली एक सवय इथे उलटी पडते. तीन ठिकाणी सारखा दिसणारा कोड काढून त्याचं हुशार फंक्शन केलं तर झिप कधीकधी वाढते! जशीच्या तशी पुनरावृत्ती फार स्वस्त, वेगळेपणा महाग. सगळीकडे क्रम एकच ठेवा, आधी एक्स, मग वाय, मग रुंदी, मग उंची. लूप सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, एकीकडे ‘फॉर’ आणि दुसरीकडे ‘फॉरईच’ असं नको. आणि प्रत्येक बदलानंतर झिपचा आकडा पाहा. अंदाजाने केलेली कपात बऱ्याचदा उलटते, म्हणून बिल्डच्या शेवटी उरलेले बाइट्स आपोआप छापून यावेत, हा तुमचा आग्रह पहिल्या दिवसापासून पाळावा असाच आहे.

त्याच ओघात फाइलींचा मुद्दा. झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्र दाबली जाते, एकीतली पुनरावृत्ती दुसरीला उपयोगी पडत नाही. शिवाय प्रत्येक फाइलमागे ३० बाइट्सची एक नोंद, शेवटच्या यादीत ४६ बाइट्सची दुसरी, आणि फाइलचं नाव दोनदा. सात अक्षरी नावाची एक जास्तीची फाइल ठेवली की ९० बाइट्स कोडाचं एक अक्षरही न लिहिता जातात. म्हणून स्टाइल आणि स्क्रिप्ट दोन्ही एकाच इंडेक्स डॉट एचटीएमएलमध्ये. ती फाइल झिपच्या मुळाशी हवी, फोल्डरच्या आत नको. मॅकवर उजव्या क्लिकने केलेल्या झिपमध्ये लपलेल्या फाइली शिरतात, तेव्हा झिप उघडून यादी वाचायची सवय लावा, हे तुमचं सांगणं बारीक वाटतं, पण मुदतीच्या दिवशी तेच कामाला येतं.

रोडरोलरबद्दल तुम्ही जे सावधपणे सांगता तेही इथे नोंदवतो. कांग सोंगहून यांचं हे साधन जावास्क्रिप्टला झिपपेक्षा चांगल्या रीतीने दाबतं आणि उलगडणारा छोटा कोड सोबत जोडून देतं. फायदा १५ टक्क्यांपर्यंत जातो. तेरा किलोबाइटच्या जगात ही केवढी मोठी जागा! पण उलगडायला वेळ लागतो, साध्या फोनवर सुरुवातीला पडदा क्षणभर कोरा दिसतो. दुसरं, कोड इव्हॅलमधून (मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या सोयीतून) चालत असल्याने ‘कॉन्स्ट’ने केलेलं फंक्शन एचटीएमएलमधल्या ऑनक्लिकला सापडत नाही. बटणांची जोडणी स्क्रिप्टमध्येच करावी लागते. तिसरं, रोडरोलर चालवल्यावर वरचे काही आडाखे बदलतात, म्हणून तो शेवटच्या आठवड्यात नव्हे, पहिल्या आठवड्यातच बिल्डमध्ये बसवायचा आणि आकडा त्याच्यानंतरचा पाहायचा. उत्तम मापं शोधणारा संथ पर्याय रोजच्या कामात नको, शेवटच्या बिल्डसाठी ठेवा.

आवाजाचं उत्तर तुम्ही दोन ओळींत देता, तेवढंच पुरतं. फ्रँक फोर्स यांचं झेडझेडएफएक्स हे आवाज तयार करणारं साधन एक किलोबाइटच्या आत बसतं आणि प्रत्येक आवाज म्हणजे आकड्यांची एक ओळ. फक्त, खेळणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय किंवा कळ दाबल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू होऊ देत नाही, म्हणून ‘सुरू करा’ हा पडदा सजावट म्हणून नाही, गरज म्हणून ठेवायचा. त्याच क्लिकने दुसऱ्या पानातल्या चौकटीत (आयफ्रेममध्ये) बसवलेल्या खेळाला कीबोर्डही मिळतो.

आता मराठीबद्दल. खेळात मराठी मजकूर ठेवावा का, असं विचारणाऱ्यांना ‘जागा फार खाते’ असं उत्तर सगळीकडून मिळतं. तुम्ही मोजून दाखवलंत. युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं, मात्रा आणि वेलांट्यासुद्धा वेगळ्या मोजायच्या. ‘खेळ सुरू करा’ हे दहा चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा, म्हणजे ३२ बाइट्स. पण त्या तिनांतला पहिला बाइट नेहमी एकच, आणि दुसरा दोनच पर्यायांपैकी एक असतो. खरी नवी माहिती तिसऱ्यात. झिप हे ओळखते आणि तो मजकूर दिसतो त्यापेक्षा बराच कमी जागेत बसतो. फुकट नाही, पण वीस-पंचवीस वाक्यांचा खेळ मराठीत करायला भीती वाटावी असंही नाही. हे आकडे समोर आल्यावर ज्यांनी आपल्या भाषेत खेळ करायचं धाडस केलं, त्यांच्या वतीने हे आभार जरा जास्त आहेत.

त्यातल्या खाचखळग्यांबद्दलही तुम्ही आधीच बजावलं होतं. कॅरॅक्टर सेटचा मेटा टॅग विसरला की अक्षरांऐवजी कचरा दिसतो. पिक्सेलचा स्वतःचा देवनागरी फाँट करायच्या भरीस पडू नका, जोडाक्षरांतच सगळी जागा संपेल. कॅनव्हासला, म्हणजे ब्राउझरच्या चित्रफलकाला, थेट मजकूर द्या, जोडाक्षरं ब्राउझर जुळवून देतो. पण विंडोजवर, अँड्रॉइडवर आणि ॲपलच्या यंत्रांवर फाँट वेगवेगळे, म्हणून ओळीची रुंदी गृहीत न धरता मोजून घ्या. अक्षरांमधलं अंतर वाढवलंत तर शिरोरेषा तुटते. आणि टाइपरायटरसारखं एकेक अक्षर उमटवायला गेलात तर ‘स्त्री’ लिहिताना मध्येच पाय मोडलेला स, मग पाय मोडलेला त असं लुकलुकतं. अक्षरं नीट तोडणारी सोय ब्राउझरमध्ये आहे, पण जोडाक्षर कुठे तोडायचं याबाबत जुने आणि नवे ब्राउझर वेगळे वागतात. त्यापेक्षा एकेक शब्द उमटवा. इतका साधा उपाय, आणि दिसायलाही चांगला.

इमोजींना तुमचा विरोध नाही, फक्त अट आहे. चित्र म्हणून ते जवळपास फुकट, पण प्रत्येक यंत्रावर त्यांचा चेहरा वेगळा, जुन्या यंत्रावर नवा इमोजी म्हणजे रिकामी चौकट, आणि विंडोजवर क्रोममध्ये देशांच्या झेंड्यांऐवजी नुसती अक्षरं येतात. खेळाचं कोडं एखाद्या इमोजीच्या नेमक्या आकारावर किंवा रंगावर उभं असेल तर ते कुणासाठी तरी सुटणारच नाही.

खेळ दुसऱ्याच्या यंत्रावर का बिघडतो याची तुमची यादी खरं तर या पत्राचं निमित्त आहे. सगळ्यात वर वेग. प्रत्येक फ्रेमला पात्र ठरावीक पिक्सेल सरकवलं, तर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, म्हणजे ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर जुळवलेला खेळ १४४ हर्ट्‌झवर २.४ पट वेगाने धावतो. अशा पडद्यावर बसलेल्या परीक्षकाला तो अशक्य वाटतो आणि कारण कुणालाच कळत नाही. म्हणून हालचाल गेलेल्या वेळाने गुणायची, किंवा एक भागिले साठ सेकंदाच्या ठरावीक पावलांनी जग पुढे न्यायचं. आणि त्या वेळेला वरची मर्यादा घालायची, नाहीतर दुसऱ्या टॅबवर जाऊन परत आलेला खेळाडू एका फ्रेममध्ये भिंत ओलांडून पलीकडे पडतो.

मग कीबोर्ड. डब्ल्यू, ए, एस, डी या कळा अक्षरावरून ओळखल्या तर फ्रान्समधल्या कीबोर्डवर त्या विखुरलेल्या निघतात, आणि कॅप्स लॉक चालू असेल तर आपल्याकडेही चालत नाहीत. मराठी कीबोर्ड निवडलेला असला की अक्षरच देवनागरी येतं. कळीचं अक्षर न पाहता तिची जागा पाहायची, म्हणजे इव्हेंटमधल्या ‘की’ऐवजी ‘कोड’ वाचायचं. एका शब्दाच्या बदलाने तिन्ही अडचणी मिटतात. बाणांनी पान सरकू नये म्हणून मूळ कृती रोखायची. कंट्रोल कळ खेळात वापरायची नाही, कंट्रोल आणि डब्ल्यू एकत्र दाबलं गेलं की टॅबच बंद होतो. आणि खिडकीवरून लक्ष हटलं की दाबलेल्या सगळ्या कळा सोडल्या असं मानायचं, कारण सोडल्याची खबर मग येतच नाही आणि पात्र आपोआप पळत सुटतं.

गुण साठवण्याबद्दल दोन गोष्टी. एकाच पत्त्यावरचे खेळ एकच साठवण वापरतात, तेव्हा नावाला आपल्या खेळाचा उपसर्ग लावा आणि सगळं पुसणारी आज्ञा कधीही देऊ नका, दुसऱ्यांच्या खेळांची प्रगती जाते. आणि काही ब्राउझर चौकटीतल्या खेळाला साठवण नाकारतात, तिथे त्रुटी येऊन खेळ पहिल्याच ओळीला थांबतो. ती ओळ त्रुटी झेलणाऱ्या ट्राय-कॅचमध्ये ठेवायला वीसेक बाइट्स लागतात. ते खर्च करावेत.

मुदतीबद्दल तुम्ही जे वेळापत्रक सुचवता ते आपल्या घरांना धरून आहे. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, म्हणजे शेवटचा आठवडा अख्खा आरत्या आणि पाहुण्यांत. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, म्हणजे ऐन मध्यात. ‘कॅलेंडर काढा, गणपतीचे दिवस खोडा, उरलेल्या दिवसांचा खेळ करा.’ सुरुवात ते शेवट खेळता येईल असा ओबडधोबड खेळ दुसऱ्या रविवारपर्यंत, आणि शेवटचे तीन दिवस फक्त इतरांच्या यंत्रांवर चाचणीला. तेराव्या तारखेला दुपारी नवं काही घालायचं नाही.

आणि मुदत संपल्यावर, जेव्हा बरेच जण झोप काढतात, तेव्हा तुमचं खरं काम सुरू होतं. इथे स्पर्धकच एकमेकांचे खेळ खेळून मत देतात. तुमचा अभिप्राय कधीही नुसता ‘छान’ नसतो. ब्राउझर कोणता, पडदा किती हर्ट्‌झचा, कुठे अडकलात, कितव्या प्रयत्नात पुढे गेलात, काय कळायला वेळ लागला. मग एक ओळ, जे आवडलं त्याबद्दल, तेही नेमकं: ‘उडी मारल्यावर पडण्याचा वेग चढण्यापेक्षा जास्त ठेवलात, म्हणून उडी हाताला लागते.’ असा अभिप्राय मिळालेलं मूल पुढच्या वर्षी परत येतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

ताई, एक विनंती. तुमची ही उत्तरं विखुरलेली आहेत. ती एकत्र करून, तुमच्या शब्दांत, मराठीत एका टिपणाच्या रूपात ठेवायची तयारी आम्ही केली आहे. नाव घालणार नाही. फक्त १३ ऑगस्टच्या आधी एकदा आकडे तपासून द्या, विशेषतः झिपच्या नोंदींचे. तिथे आमच्याकडून चूक राहायला नको.

मनापासून आभार.

तुमच्या उत्तरांवर खेळ उभे करणारे,
आम्ही सगळे