कोणता पाय, ते तरी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत चोपडा तालुक्यातील, एक पाय नसताना मोटारसायकल चालवणाऱ्या तरुणाविषयी आपण ‘जिद्दीला सलाम’ या मथळ्याखाली अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आधीच आभार मानून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचे आहे त्यात आभाराला जागा उरेल असे वाटत नाही. मजकूर मी दोनदा वाचला. त्याची आई किती रडली, गावाने नारळ देऊन त्याचा कसा सत्कार केला, लहानपणी तो कबड्डी कशी खेळायचा, हे सगळे त्यात आहे. त्याचा कोणता पाय नाही, एवढेच नाही. दुचाकीवर डावा पाय गिअरचा आणि उजवा मागच्या ब्रेकचा. एक गेला तर अडचण एक, दुसरा गेला तर अगदी निराळी, आणि तिच्यावरची तोडही निराळी. ज्या प्रश्नावर सगळी गोष्ट उभी आहे तोच आपल्या वार्ताहराला सुचू नये, याचे नवल वाटले.

शेवटी चष्मा पुसून मी छायाचित्रच न्याहाळले. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. डाव्या मुठीवर क्लचच्या लिव्हरखाली आणखी एक आखूड लिव्हर आहे, सायकलच्या ब्रेकला असतो तसा, आणि त्यातून निघालेली काळी केबल टाकीच्या कडेने खाली उतरली आहे. म्हणजे मागच्या चाकाचा जो ड्रम ब्रेक एरवी पायाच्या दाबाने सळई ओढून लागतो, तो या तरुणाने किंवा त्याच्या मिस्त्रीने केबल जोडून डाव्या हातात आणला आहे. बातमी ही होती, साहेब. ती छायाचित्रात आली आणि मजकुरातून निसटली.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण मजकुराच्या तळाशी चौकटीत एका ‘जाणकार अधिकाऱ्यांचे’ मत छापले आहे की, अशा व्यक्तींनी साध्या दुचाकीचा मोह टाळून चार चाकांची, म्हणजे बाजूला दोन जादा चाके जोडलेली, स्कूटर वापरावी. वर सलाम आणि खाली मोह! हा मोह मला गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे आहे, म्हणून हे पत्र.

1997 साली पारोळ्याजवळ, तेव्हा ज्याला आपण सगळेच सहा नंबरचा हायवे म्हणत होतो त्या रस्त्यावर, एका ट्रकने माझा डावा पाय गुडघ्याखाली नेला. मी कापसाच्या जिनिंग कारखान्यात हिशेब लिहायचो. सात-आठ महिन्यांनी जयपूर फूट बसवला आणि त्यानंतर दीड महिन्यात शंभर सीसीची मोटारसायकल चालवू लागलो. यात जिद्द किती होती ते मला माहीत नाही. कापसाचा हंगाम होता आणि एसटीच्या वेळा जुळत नव्हत्या, हे मात्र पक्के आठवते. 1968 मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. सेठी यांनी घडवलेले हे रबरी पाऊल आपल्यासारख्या उकिडवे बसणाऱ्या, चिखल तुडवणाऱ्या माणसांसाठीच केलेले आहे. ते दाबले की वाकते, पण स्वतःहून चवडा वर उचलत नाही. माझ्या गाडीच्या गिअरला पुढे चवड्याची आणि मागे टाचेची अशा दोन पट्ट्या आहेत. पुढची दाबली की गिअर चढतो, मागची दाबली की उतरतो. चवडा कुठेच उचलावा लागत नाही, सगळे काम मांडीच्या जोराने दाबून होते. माझ्या पुतण्याच्या झोकदार गाडीला टाचेची पट्टीच नाही, तिथे चवडा खाली घालून वर उचलावा लागतो. ती गाडी मी चालवू शकत नाही आणि चालवत नाही. गिअर पडला की नाही हे पावलाला कळत नाही, इंजिनाच्या आवाजावरून आणि गुडघ्याला बसणाऱ्या बारीक झटक्यावरून कळते. सिग्नलला उजवा पाय टेकतो, म्हणून अखेरच्या क्षणी मागचा ब्रेक सोडून पुढच्या ब्रेकवर गाडी धरावी लागते. गाडीवर चढतोही उजव्या बाजूने, त्याला गावातली पोरे अजून हसतात. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर गेला की, सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीत, घाम साचून जयपूर फूट सैल पडतो, तेव्हा लिंबाखाली थांबून मोजा पिळून घ्यावा लागतो. माझा सगळा पराक्रम तो एवढाच.

आता परवान्याचे. (कार्यालय कोणते ते लिहीत नाही, मला तिथे अजून जायचे आहे.) माझ्या परवान्याचे नूतनीकरण 2014 आणि 2019 मध्ये बिनबोभाट झाले. 2024 मध्ये पुन्हा गेलो. नमुना 1 च्या स्वयंघोषणेत एक प्रश्न आहे की, आपण हात किंवा पाय गमावला आहे काय. बाहेरच्या एजंटाने मायेने सल्ला दिला, “काका, नाही लिखी टाका, पँटमा कोन देखस?” मी ‘होय’ लिहिले. एजंटाचे शहाणपण मला खिडकीवर पोहोचल्यावर पटले.

खिडकीवरच्या साहेबांनी माझे अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागितले. त्यावर 60 टक्के आहे. ते म्हणाले, साठ टक्के अपंग म्हणजे तुम्ही चाळीस टक्केच की हो. मी म्हटले, साहेब, दहावीला पस्तीसला पास करतात. त्यांना हसू आले नाही, आणि मला वाटते माझे प्रकरण तिथेच बिघडले. मग ऐकवले गेले की, ‘इनव्हॅलिड’ची गाडी आणा, म्हणजे तीच चार चाकांची स्कूटर, तरच पाहू.

वस्तुतः चाळिशीनंतर नूतनीकरणासाठी जे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, त्या नमुना 1-अ मध्ये डॉक्टरांना पाय आहे की नाही एवढेच विचारलेले नाही. व्यंगामुळे किंवा अवयव नसल्यामुळे गाडी नीट चालवण्यात अडथळा येईल काय, असे विचारले आहे. डॉक्टरांनी माझ्याकडून पायऱ्या चढवून घेतल्या, एका पायावर उभे केले आणि ‘नाही’ असे लिहून सही केली. प्रमाणपत्रावरची टक्केवारी सवलतींसाठी असते, ती गाडीच्या गिअरशी बोलत नाही. शिवाय ‘इनव्हॅलिड कॅरेज’ हा शब्दच 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातून काढला गेला आहे. 1988 च्या मूळ व्याख्येत खास अपंगांसाठी बांधलेले वाहनच धरले जाई, नुसता बदल केलेले चालत नसे. आता त्या शब्दाच्या जागी आलेल्या ‘अडॅप्टेड व्हेइकल’मध्ये कलम 52 प्रमाणे परवानगीने बदल केलेले वाहनही येते. हे मी खिडकीवर सांगितले. मागून कुणीतरी म्हणाले, “वकील आहेत वाटतं.”

चार चाकांच्या स्कूटरविषयी माझ्या मनात काही आकस नाही. पोलिओने ज्यांचे दोन्ही पाय लुळे पडले त्यांना तिने घराबाहेर काढले आहे, आमच्या गल्लीत अशा दोन आहेत. परंतु ती वळणावर झुकत नाही, रुंदी जास्त असल्याने बाजूची चाके काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर चाकोरीच्या काठावर चढतात, आणि पावसाळ्यात आमच्या वावरापर्यंत ती जाणारच नाही. ज्याला तोल सांभाळता येतो त्याच्या गळ्यात ती का घालायची? मी साहेबांना एवढेच म्हटले की, मैदानावर आठचा आकडा काढायला लावा, पडलो तर परवाना देऊ नका. ते म्हणाले, तशी पद्धत नाही. पहिल्या परवान्याला पद्धत असते, माझ्या बाबतीत नसते. पडण्याचा हक्कही मागून मिळेना. शेवटी अर्ज ‘वरिष्ठांच्या मार्गदर्शनासाठी’ गेला. मुदत उलटून वर्ष झाले की नियमाने पुन्हा परीक्षाच द्यावी लागते, त्यामुळे त्यांनी आणखी थोडा उशीर केला तर मला हवी असलेली परीक्षा आपोआप मिळेल. तोवर मी सुनेच्या स्कूटरवर मागे बसून बाजाराला जातो. ती सिग्नल पाळत नाही, पण दोन्ही पाय शाबूत असल्यामुळे तिला कुणी काही विचारत नाही.

त्या चौकटीतल्या अधिकाऱ्यांना सुरक्षिततेची इतकी काळजी असेल तर त्यांनी आमच्या भागातल्या रस्त्यांच्या साइडपट्ट्याही एकदा पाहाव्यात. डांबर चढत गेले आणि कडेची माती पावसाने वाहून गेली, कित्येक ठिकाणी वीतभर पायरी पडली आहे. केळीचा ट्रक समोरून आला की दुचाकीवाल्याला डावीकडे त्या पायरीवरून उतरावे लागते. तिथे मीच काय, दोन पायांचेही पडतात. गेल्या पावसाळ्यात दोघे पडले, त्यांच्यावर कुणी अर्धे पान लिहिले नाही.

आता विनंती. आपला वार्ताहर त्या तरुणाकडे पुन्हा जाणार असेल, तर त्याने कृपया ती केबल किती लांबीची आहे, ब्रेकच्या टोकाला कशी अडकवली आहे, तो दुसरा लिव्हर कोणत्या गाडीचा आहे आणि आरसी बुकात बदलाची नोंद कशी करून घेतली, हे विचारून छापावे. छायाचित्र चेहऱ्याचे नको, मुठीचे आणि मागच्या चाकाचे जवळून घ्यावे. आमच्या गावातल्या एका मुलाचा उजवा पाय मळणी यंत्रात गेला आहे. कालची पुरवणी घेऊन तो मिस्त्रीकडे गेला होता, पण कागदावर लिव्हर धूसर आला असल्याने मिस्त्रीला काही उमगले नाही.

आपला,
गिरणाकाठचा एक जुना वाचक