न्यायाधीश निवडताना आम्हालाही विचारा

मा. केंद्रीय कायदा व न्यायमंत्री यांस,

स.न.वि.वि.

न्यायाधीशांच्या निवडीत वकिली-न्यायदानाबाहेरची माणसे असावीत, ही मागणी २०१५ पासून बासनात आहे. ती पुन्हा बाहेर काढा. जुना मसुदा मात्र तिथेच राहू द्या.

त्या मसुद्यातल्या राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगात तीन न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन 'नामवंत व्यक्ती' होत्या. नामवंत कुणाला म्हणायचे, हे कायद्यात कुठेच नव्हते. वर, कोणत्याही दोघांनी नकार दिला की नाव बाद. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने हा आयोग आणणारी ९९वी घटनादुरुस्ती रद्द केली, त्यात हे आक्षेप होते आणि मला ते पटतात. पण मसुदा कच्चा होता म्हणून कॉलेजियमचे, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींनीच न्यायाधीश निवडण्याच्या पद्धतीचे, बंद दार बरे, असे थोडेच आहे?

पुण्यात लोकअदालतीच्या पॅनलवर सामाजिक कार्यकर्ती म्हणून मी बसते. अपघात भरपाईच्या एका दाव्यात दोन्हीकडच्या वकिलांचा आकडा ठरला, कागद सहीला आला. मी त्या विधवेला विचारले, "ताई, एवढ्यावर सगळं मिटतंय, माहितीये ना?" तिला तो पहिला हप्ता वाटत होता! कायदा माझ्यापेक्षा त्या टेबलावरच्या प्रत्येकाला जास्त येत होता.

उमेदवाराचे कायद्याचे ज्ञान न्यायमूर्तींनीच जोखावे. पण तो समोरच्याचे ऐकून घेतो का, सकाळपासून ताटकळलेल्याला संध्याकाळी नुसती तारीख देतो का, हे पक्षकारांत वावरणाऱ्याला जास्त कळते. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ पासून असलेल्या नियुक्ती आयोगाचा तर अध्यक्षच कायद्याच्या व्यवसायाबाहेरचा लागतो.

आपल्याकडे निदान दोन जागा द्या. जाहिरात देऊन अर्ज मागवा. एकच मुदत, फेरनेमणूक नाही. मागच्या दहा वर्षांत पक्षाचे पद भूषवलेले नको. नकाराधिकारही नको, फक्त आक्षेप लेखी नोंदवण्याचा आणि त्याला लेखी उत्तर मिळण्याचा हक्क हवा.

आणि मंत्रिमहोदय, आपली स्वतःची खुर्ची या वेळी मांडू नका. देशातला सर्वांत मोठा पक्षकार सरकारच आहे. त्याने आपला न्यायाधीश निवडायला बसावे हे आमच्या कट्ट्यावरही कुणी मान्य करणार नाही. तेवढे मान्य असेल तर नवा मसुदा मराठीतही प्रसिद्ध करा. हरकती-सूचना पाठवायला आम्ही पुणेकर कधी मागे राहिलेलो नाही.

आपली,
एक पुणेकर