विषय : जोडी म्हणून विकलेल्या दोन विजोड रॅम आणि माझं ‘समाधान झाल्याने’ बंद केलेली तक्रार

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी सव्वीस मिनिटं बोलून मी फोन ठेवला. दहा मिनिटांत मेसेज आला, ‘ग्राहकाचे समाधान झाल्याने तक्रार बंद करण्यात आली आहे.’ माझं समाधान झालेलं नाही. झालं का, असं मला कोणी विचारलेलंही नाही. पाच आठवड्यांतला हा सहावा फोन होता. सातवा मी करणार नाही, म्हणून हे पत्र थेट व्यवस्थापनाला.

तुमच्या कंपनीची डीडीआर३ रॅम (जुन्या पिढीच्या कम्प्युटरची मेमरी) मी ४,२०० रुपयांना घेतली. खोक्यावर छापलंय : ८ जीबीच्या दोन, १६०० मेगाहर्ट्झ, जुळवलेली जोडी, आजीवन वॉरंटी. आतून निघाल्या त्या दोन वेगळ्याच स्टिक. एकीची पाटी हिरवी, दुसरीची काळी. चिपवरचे छापे वेगळे. काळीवरचा तुमचा स्टिकर किंचित तिरका आहे आणि त्याच्या खालून आणखी एका जुन्या स्टिकरची कड बाहेर डोकावते. नखाला लागते ती कड. फोटो तुमच्याकडे पहिल्याच ईमेलमध्ये आहे.

माझा कम्प्युटर २०१५चा. भाग इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून आणले आणि मी स्वतः जोडला : इंटेलचा आय५-४४६० प्रोसेसर, एच८१चा मदरबोर्ड, २ जीबीचं जीटीएक्स ९६० ग्राफिक्स कार्ड आणि तुमच्याच कंपनीच्या ४ जीबीच्या दोन रॅम. जुना आहे, हे मला तुमच्याकडून कळायला नको. ऑफिसातून येऊन, जेवणं-भांडी आवरून रात्री दहाला मी तासभर त्यावर खेळते. दिवसातला तेवढाच तास माझा असतो.

मी खेळते त्या रेड डेड रिडेम्प्शन २ या गेमला निदान ८ जीबी रॅम लागते, १२ असावी असं बनवणारेच सांगतात. माझ्याकडे ८ होती. माळरानावर गेम ठीक चालायचा, गावात शिरलं की अडखळायचा. घोडा टाप उचललेली तशीच हवेत थिजायचा, आवाजाचा एकच तुकडा टकटक वाजत राहायचा, मग चित्र एकदम पुढे उडी घ्यायचं आणि तोवर मी कुंपणावर आदळलेली असायची. रिसोर्स मॉनिटर बाजूला उघडा ठेवून दोन रात्री खेळले तेव्हा कारण सापडलं. मेमरी काठोकाठ भरलेली आणि प्रत्येक झटक्याच्या वेळी हार्ड फॉल्टचा आलेख वर गेलेला. म्हणजे रॅममध्ये मावत नाही ते विंडोज हार्डडिस्कवर नेऊन ठेवतंय आणि गेमने मागितलं की तिथून परत आणतंय. ७२०० आरपीएमची डिस्क ते तितक्या झटपट कुठून देणार? मेमरी वाढवणं हाच उपाय होता. एच८१ला स्लॉट दोनच, म्हणून जुन्या दोन काढून ८-८च्या दोन घालायच्या. यापुढे हा बोर्ड घेत नाही. एवढं सगळं बघून, मोजून मी तुमची जोडी मागवली होती.

बसवली त्याच रात्री निळी स्क्रीन आली. दुसऱ्या रात्री दोनदा. अडखळणं राहिलं बाजूला, आता गेमच बंद पडू लागला.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, वेग १३३३ दिसत होता. सीपीयू-झेड हा भागांची माहिती दाखवणारा प्रोग्राम लावून पाहिलं तर हिरव्या स्टिकच्या एसपीडीत (स्टिकवरच नोंदलेल्या तिच्या माहितीत) ८०० आणि काळीच्या ६६७. ही रॅम दर ठोक्याला दोनदा माहिती देते, म्हणून आकडे दुप्पट केले की १६०० आणि १३३३. तिसऱ्या फोनवरच्या तुमच्या मुलाला हे दुप्पट करायचं असतं हेच ठाऊक नव्हतं, ‘आठ सौ दिखा रहा है मतलब आपका बोर्ड आधी स्पीड पर है’ असं तो मला ठामपणे सांगत होता. दोन स्टिकचे वेग वेगळे असले की बोर्ड दोघींना मंद असलेलीच्या चालीने चालवतो. सेकंदाला २५.६ जीबी माहिती जायला हवी तिथे २१.३ जाते. काळी स्टिक १३३३ची आहे आणि तिच्यावर तुम्ही १६००चा स्टिकर लावलाय, याला दुसरा अर्थ मला तरी दिसत नाही.

वेग कमी, तोही एक वेळ सोसला असता. पण पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. हिरवी स्टिक एकटी, पहिल्या स्लॉटमध्ये : चार फेऱ्या, चूक शून्य. दुसऱ्या स्लॉटमध्ये : शून्य. काळी एकटी, पहिल्या स्लॉटमध्ये : पहिलीच फेरी संपायच्या आत चुकांच्या लाल ओळी. दुसऱ्या स्लॉटमध्ये : लाल. तिचे सोनेरी पाय खोडरबरने हलके घासले, चुरा ब्रशने झटकला, दोन्ही खटके टक्क वाजेपर्यंत दाबून बसवली : लाल. शेवटी माझ्या जुन्या ४ जीबीच्या दोन्ही लावल्या : शून्य. चार रात्री यात गेल्या, कारण एकेक चाचणी तासन्‌तास चालते आणि सकाळी मला ऑफिस असतं. बोर्ड चांगला, स्लॉट चांगले, हिरवी चांगली. दोष काळीत आहे. सगळे फोटो मी ईमेल केले. उत्तर आलं, ‘कृपया रॅम काढून पुन्हा लावून पाहा.’

आता कालचा फोन. तो मी सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडे त्याचं रेकॉर्डिंग असणार आणि ते तुम्ही ऐकावं अशी माझी इच्छा आहे.

मी तक्रार क्रमांक सांगितला. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, सर से बात करवा दीजिए.’ मी विचारलं, कोण सर? म्हणाला, ‘घर में जो कम्प्यूटर देखते हैं.’ मी सांगितलं, मीच बघते, मीच जोडलाय. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘तो बेटे को बुला लीजिए, मैं उनको समझा देता हूँ.’ मी म्हटलं, मला समजावा. मग त्याने मला चार मिनिटं होल्डवर ठेवलं. परत येऊन विचारलं, रॅम उलटी तर नाही ना लावली?

डीडीआर३ची रॅम उलटी लागत नाही. २४० पायांच्या त्या पट्टीला खाच मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते, ती त्यासाठीच. खाच तुमच्याच कारखान्यात पडते. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘ज़ोर से दबाया होगा.’ म्हणजे मी रॅम ताकदीने उलटी कोंबली आणि ती तशी चाललीही! मी मेमटेस्टचे निकाल स्लॉटवार वाचून दाखवायला लागले. दुसऱ्या ओळीवर त्याने मला तोडलं. म्हणाला, ‘मॅडम, इतना टेन्शन मत लीजिए, गेम ही तो है. रुक-रुक के चल रहा है तो रुक-रुक के खेल लीजिए.’

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. ऐकल्यावर माझे हात थरथरत होते. मी वरिष्ठांशी बोलायचं म्हटलं, तर सांगितलं की वरिष्ठ आत्ता नाहीत, आणि मशीन दहा वर्षांचं आहे, नवीनच घ्या. मग ‘धन्यवाद’ म्हणून त्याने फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी माझं समाधान झाल्याचा मेसेज आला.

मशीन दहा वर्षांचं आहे म्हणूनच मी तुमची रॅम घेतली ना? डीडीआर३ जुन्याच मशीनला लागते. नव्या मशीनला ती बसतच नाही. जुन्या कम्प्युटरसाठी माल विकायचा, त्यावर आजीवन वॉरंटी छापायची आणि तो बिघडला की कम्प्युटर जुना आहे म्हणायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

मला राग आहेच, पण त्याहून वाईट वाटतंय. तुमच्या त्या ४ जीबीच्या दोन स्टिक दहा वर्षं इंदूरचे उन्हाळे, लाइटीची ये-जा, घरातली धूळ सगळं सोसून आजही मेमटेस्टमध्ये एक चूक दाखवत नाहीत. त्याच भरवशावर ऑफिसातल्या तीन कम्प्युटरना मी तुमचीच रॅम घ्यायला लावली, धाकट्या भावालाही तेच सांगितलं. आज तो विचारतो, ताई, तुझ्या कंपनीचं काय झालं? त्याला मी काय सांगू?

मागच्या फोनवर मला सांगितलं होतं की दोन्ही स्टिक स्वखर्चाने पाठवा, ४५ दिवस लागतील, तपासणीत दोष नाही निघाला तर तशाच परत येतील. लेखी काही मिळणार नाही. या अटीवर मी काहीही पाठवणार नाही. मला एक बदलून नको, दोन्ही बदलून हव्यात, एकाच पाटीच्या, एकाच चिपच्या, दोघी १६००च्या. जोडीचे पैसे घेतलेत, जोडी द्या. नेण्या-आणण्याचा खर्च तुमचा. तसली जोडी आता तुमच्याकडे उरली नसेल, तर ४,२०० रुपये परत करा, मी माझं बघेन. बंद केलेली तक्रार उघडा, आणि काल जे बोललं गेलं त्याबद्दल माझी लेखी माफी मागा. काळ्या स्टिकवर दुसरा स्टिकर कसा आला याचं उत्तरही मला हवंय.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस मी थांबेन. मग ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवर तक्रार घालेन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९प्रमाणे मी राहते त्याच जिल्ह्यात ती करता येते, एवढ्या रकमेला शुल्क लागत नाही, आणि सदोष माल प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे. काळी स्टिक मी अँटीस्टॅटिक पिशवीत घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवली आहे. तो तिरका स्टिकर तसाच आहे, मी त्याला हात लावलेला नाही.

सध्या मशीनमध्ये जुन्याच रॅम आहेत आणि गावात शिरलं की घोडा थिजतो.

उत्तर लेखी पाठवा. फोन करायचाच झाला तर संध्याकाळी सातनंतर करा आणि माझ्याशी बोला. या कम्प्युटरचे दुसरे कोणी ‘सर’ नाहीत.

आपली ग्राहक,
राजेंद्रनगर, इंदूर

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही स्टिकचे दोन्ही बाजूंचे फोटो, सीपीयू-झेड आणि मेमटेस्टच्या स्क्रीनचे फोटो, सहाही फोनच्या तारखा-वेळा आणि तक्रार बंद केल्याचा मेसेज