गेट बदललं, हे आईला कोण सांगणार?

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार,

माझी आई ७४ वर्षांची आहे. सातवीपर्यंत शिकलेली. मराठी पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, इंग्रजी मात्र येत नाही. बहिणीच्या बाळंतपणासाठी ती पहिल्यांदाच एकटी विमानाने बंगळुरूला निघाली. काउंटरवरच्या मुलीने बोर्डिंग पासवर गेट नंबरभोवती पेनाने गोल करून दिला. आई त्या गेटसमोर जाऊन बसली आणि जागची हलली नाही.

मध्येच गेट बदललं. माइकवरून कोणी काही बोललं नाही. बदल दिसला तो लांबच्या स्क्रीनवर, इंग्रजीत, आणि माझ्या मोबाइलवर, कारण तिकीट माझ्या नंबरवरून काढलं होतं. मी परतीच्या बसमध्ये होते. मेसेज पाहिल्यापासून फोन लावत राहिले, पण तिचा साधा फोन पर्सच्या तळाशी वाजत होता. शेवटी शेजारी बसलेल्या एका मुलाने सहज तिचा पास पाहिला. त्याचं विमान वेगळंच होतं, तरी हाताला धरून तो तिला पार दुसऱ्या टोकाच्या गेटपर्यंत घेऊन गेला. विमानात शेवटी चढली ती आई.

मंत्रिमहोदय, १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून जुहूला विमान घेऊन आले, तेव्हा त्यात टपाल होतं. पुढे कितीतरी वर्षं विमान म्हणजे साहेबलोकांची गोष्ट होती. आमच्या लहानपणी नात्यातलं कोणी परदेशी निघालं की हार-नारळ घेऊन अख्खं घर गाडी करून मुंबईला सोडायला जायचं. २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त तिकिटं आणली, २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेची विमानं सुरू झाली, आणि आईसारखी माणसं विमानात बसू लागली. हे फार चांगलं झालं, मनापासून सांगते.

पण ही माणसं विमानतळावर येऊ लागली आणि तिथला आवाज मात्र बंद होत गेला. देशातले अनेक मोठे विमानतळ आता ‘सायलेंट’ आहेत, म्हणजे तिथे माइकवरून फारसं काही सांगत नाहीत. शांतता मलाही आवडते. पण ज्याला स्क्रीन वाचता येत नाही, त्याच्यासाठी ती शांतता नसते, नुसता घोर असतो. डिसेंबर २०१८ मध्ये सुरेश प्रभू आपल्या खात्याचे मंत्री असताना विमानतळांवरच्या उद्घोषणा आधी स्थानिक भाषेत, मग हिंदी-इंग्रजीत करण्याची सूचना निघाली होती. त्यातून सायलेंट विमानतळ वगळले गेले. म्हणजे गर्दी जिथे जास्त, तिथेच मराठी ऐकू येणार नाही!

दुकानांच्या जाहिराती नकोत, दर पाच मिनिटांच्या सूचनाही नकोत. गेट बदलणं, विमानाला उशीर होणं आणि शेवटची हाक, एवढ्या तीन गोष्टी तरी प्रत्येक विमानतळावर तोंडाने सांगितल्या जाव्यात, आधी तिथल्या भाषेत. तिकीट काढतानाच मेसेजची भाषा निवडता यावी आणि प्रत्यक्ष प्रवास करणाऱ्याचा नंबर वेगळा घेतला जावा.

आणखी एक. चालता येणाऱ्या कित्येक म्हाताऱ्या माणसांसाठी घरचे व्हीलचेअर मागतात, का तर सोबत कोणीतरी माणूस मिळतो. ज्यांचे गुडघे खरोखरच गेलेत, ते मग खुर्चीची वाट बघत ताटकळतात. एकट्या ज्येष्ठाला गेटपर्यंत सोडणारा माणूस खुर्चीशिवायही मिळाला, तर दोघांचीही सोय होईल.

बाळ सव्वा महिन्याचं झालं की आई परत येणार आहे. तिकीट काढायचंय. ती म्हणते, "रेल्वेचंच काढ, वेळ लागू दे. स्टेशनवर निदान ओरडून सांगतात तरी."

आपली,
एका प्रवाशाची मुलगी