आधी बांधा, मग पेशी फोडा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विज्ञान पुरवणीतील नॉनकोडिंग (प्रथिनाची कृती न वाहणाऱ्या) आरएनएवरच्या लेखात, त्याला कोणती प्रथिने चिकटतात हे शोधण्याची अशी कृती दिली आहे: आरएनएला बायोटिन (पकडून ओढण्यासाठी मूठ म्हणून वापरले जाणारे जीवनसत्त्व) लावायचे, तो पेशींच्या अर्कात मिसळायचा आणि चिकटलेली प्रथिने मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर, ओळखायची. यातून अर्कात काय घडते ते कळते, जिवंत पेशीत काय घडते ते नाही. पेशी फुटली की केंद्रकातले आणि बाहेरचे सगळे एकत्र येते आणि एरवी गाठ न पडणारे रेणू एकमेकांना चिकटतात. मिली आणि स्टाइट्झ या संशोधकांनी २००४ मध्येच हे दाखवून दिले होते.

म्हणून जोडणी पेशी अखंड असतानाच पक्की करावी लागते. २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण आरएनएला थेट टेकलेलेच प्रथिन त्याला जोडतात. फॉर्मल्डिहाइड प्रथिनाला प्रथिनही बांधते, त्यामुळे मागचे गणगोतही हाती लागते. २०१५ मध्ये उंदराच्या पेशींतील झिस्ट या, एक्स गुणसूत्र गप्प करणाऱ्या, नॉनकोडिंग आरएनएवर दोन्ही वाटांनी काम झाले: अतिनीलने १० प्रथिने मिळाली, फॉर्मल्डिहाइडने ८१. स्पेन हे प्रथिन दोन्हीकडे होते.

अतिनील देण्यापूर्वी बशीतले माध्यम (पेशी वाढवायचा द्रव) काढून टाकावे, झाकण उघडावे, बशी बर्फावर ठेवावी. माध्यम आणि प्लास्टिक हे किरण शोषतात. यंत्र मात्रा पूर्ण झाल्याचे सांगते आणि पेशींपर्यंत मात्र किरण पुरेसे पोचलेलेच नसतात. सगळे नीट करूनही जोडणी थोडीच होते. त्यामुळे विरळ आरएनएसाठी वीस-पंचवीस कोटी पेशी लागल्या तर नवल नाही.

मग पेशी फोडून आरएनएला पूरक, बायोटिन लावलेले डीएनए तुकडे (प्रोब), बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनचे चुंबकीय मणी आणि एसडीएस या साबणासारख्या रसायनाने कडक धुणे. हवा तो आरएनए आला की नुसता पेशीत मुबलक असणारा १८एस रायबोसोमी आरएनए, हे क्यूपीसीआरने (आरएनएचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीने) आधी पाहावे. मास स्पेक्ट्रोमीटरचा वेळ महाग असतो. पायरुवेट कार्बोक्झिलेज हे प्रथिन यादीत वर दिसले तर हुरळून जाऊ नये. त्यावर मुळातच बायोटिन असते, ते मण्यांना चिकटणारच.

लेखात कंट्रोलचा (तुलनेसाठीच्या नमुन्याचा) उल्लेखही नाही, ही खरी उणीव. एक नमुना प्रोब घालण्याआधी आरएनेजने (आरएनए तोडणाऱ्या विकराने) पचवावा. त्यातही दिसणारी प्रथिने बाद. शिवाय मानवी पेशींत ७एसके आरएनए ओढून पाहावा. त्याला चिकटणारी म्हणून आधीच माहीत असलेली लार्प७ आणि हेक्सिम१ ही प्रथिने आली नाहीत, तर त्याच पद्धतीने मिळालेल्या नव्या नावांवर विसंबू नये. उरलेल्या नावांसाठी प्रथिनाच्या अँटिबॉडीने उलटे ओढून तोच आरएनए येतो का, ते तपासावे.

आपले,
रेणवीय जीवशास्त्राचे काही अभ्यासक