पाटल्यांचं काय झालं ते

कोपरखैरणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला म्हणाल, तर बाबांना फोनवर ऐकू येत नाही आणि आई तू मधे बसून माझं बोलणं चाळणीतून काढून त्यांना सांगतेस. मागच्या आठवड्यात मी शुगरच्या गोळ्यांवर दहा मिनिटं बोलले आणि तू त्यांना काय सांगितलंस, 'बेबी बरी आहे म्हणते.' मी ऐकलं ते. म्हणून हे पत्र आधी बाबांना वाचू दे, त्यांना अक्षर-बिक्षर लागतंय अजून, फक्त चष्मा पुसून दे. मग तू वाच. आणि मधेच उठून दादाला फोन लावू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तर झालंय असं की दादाच्या पोराने माझं स्टेटस बघितलं आणि आता तो तुम्हाला सांगेलच, त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्याच्याआधी मीच सांगते. आई, तू चैत्रात मला पाटल्या कर म्हणून दीड लाख दिलेस ना, मामाकडच्या वाटणीतले, आणि म्हणालीस की 'आता तरी स्वतःसाठी काहीतरी कर, पोरासाठी नको, घरासाठी नको.' मी त्यातून ट्रक घेतला.

हो, ट्रक. आपला होता तसलाच, पुढे लांब नाक असलेला, टाटा-मर्सिडीजचा ३१२ मॉडेल.

आता बाबा हसत असतील आणि तू नसशील. मला माहितीय तुला काय वाटेल. तू आयुष्यभर त्या गाडीला सवत म्हणत आलीस. वळणावरचा हॉर्न ओळखून चूल पेटवायचीस आणि हॉर्न नाही आला तर न जेवता ओट्यावर बसून राहायचीस, ते मी बघितलंय, पांघरुणातून बघायचे, तुला वाटायचं झोपलेय. आणि ९१ च्या पावसाळ्यात बोरघाटात अमृतांजन पुलाजवळचं ते झालं त्यानंतर तर तू गाडीवरून मूठभर मिरच्या ओवाळल्या होत्यास. त्यामुळे तुझ्याच पैशातून मी परत तेच लोखंड आणलं हे तुला झोंबणार, आणि मी पाच महिने सांगितलं नाही ते याचमुळे. लाज वाटत होती असं समज. पण पाटल्या घालून मी कुठे जाणार होते ग? लोकलमध्ये घालायची सोय नाही, ऑफिसात हात दिवसभर कीबोर्डवर. लॉकरमध्येच पडल्या असत्या.

पहिली गोष्ट म्हणजे हा ट्रक रस्त्यावर येणारच नाही. माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर कायद्यावर ठेव. २०२१ मध्ये सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' नंबरचा वेगळा नियम केला, पण तो दुचाकी आणि घरच्या खासगी गाड्यांनाच, ट्रक त्यात बसत नाही. मी आधी त्यावरून खूप चिडले होते पण आता वाटतं तुझ्यासाठी बरंच आहे. कळंबोलीला एका गाळ्याच्या मागच्या शेडमध्ये उभा आहे, आणला तोही लो-बेड ट्रेलरवर घालून, साखळ्या बांधून. शेडमधून दहा फूट पुढे आणि दहा फूट मागे एवढाच त्याचा प्रवास. घाट नाही, रात्र नाही, हॉर्नची वाट बघणं नाही. आणि तो पूल पण २०२० ला पाडला ना, आता तिथे काहीच नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. ट्रक मला भंगाराच्या काट्यावर मिळाला, साडेतीन टन भरला, किलोच्या भावाने एक लाख बारा हजार. उरलेल्यात टायर, बॅटरी आणि शेडचं भाडं महिना चार हजार. गावच्या स्लॅबसाठी जे बाजूला काढलेत त्याला मी हात लावलेला नाही, पोराच्या फीलाही नाही. तुमच्या जावयांना पहिल्या दिवसापासून माहिती आहे, ते म्हणाले सोन्यापेक्षा जड आहे एवढं नक्की. दर रविवारी सकाळी सातला मी पनवेल लोकल पकडते, मानसरोवरला उतरून रिक्षा, आणि दुपारी अडीचला परत घरी. स्वयंपाक करून जाते. म्हणजे काही कुणाचे हाल नाहीत. आणि वेड एकट्या मलाच लागलंय असंही नाही, तिकडे इंग्लंडमध्ये १९६२ पासून दर मे महिन्यात जुन्या लॉऱ्या लंडनहून ब्रायटनला चालवत नेतात, टक्कल पडलेली माणसं आणि त्यांच्या बायका पुसून पुसून चकचकीत केलेल्या लॉऱ्यांत बसून जातात. मी व्हिडिओ दाखवीन. हे मी जरा जास्तच समजावत बसलेय का? बसलेय.

बाबा, आता तुमच्यासाठी. कागदावर १९५९ ची आहे. टाटांच्या टेल्कोने १९५४ ला जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि तो १९६९ ला संपला, मग मर्सिडीजची चांदणी जाऊन नाकावर टाटांचा 'टी' आला, हे मी तुम्हाला सांगतेय म्हणजे आजीला जातं शिकवण्यासारखं झालं. आपल्या गाडीची चांदणी तुम्ही दर दसऱ्याला लिंबाने घासायचा. हिच्या जाळीवर चांदणीच्या जागी नुसती भोकं आहेत, कुणीतरी उचकटून नेलीय. मिस्त्रीचाचा म्हणतात नवीन पितळी ओतून घेऊ, मी म्हटलं थांबा, भोकंच राहू दे सध्या.

आणली तेव्हा इंजिन पूर्ण जाम होतं. नोझल काढून सहाही भोकांतून डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि तीन आठवडे नुसतं ठेवलं, दर रविवारी जाऊन फ्लायव्हीलला टॉमीचा दांडा लावून बघायचं, हलतं का. चौथ्या रविवारी हललं. एवढंसं, बोटाच्या पेराएवढं. मी ओरडले तर शेजारच्या गाळ्यातली पोरं धावत आली, त्यांना वाटलं हात अडकला. मग हेड उतरवलं, टाकीतून चिखलासारखं काहीतरी निघालं, डिझेलचा पंप बाहेर कॅलिब्रेशनला दिला. केबिनचं लाकूड सगळं सडलेलं, ते नवं घालायचंय, सुतार दर वेळी पुढच्या आठवड्यात येतो. कमानीचे पाटे मात्र जुनेच, सोडवून, घासून, ग्रीस लावून परत बसवले. तुम्ही म्हणायचात ना पाट्याला रंग लावणारा ड्रायव्हर नव्हे, म्हणून रंग नाही लावला.

आणि हीटर, चालू करण्याआधी इंजिन तापवायचा तो! सगळं जोडलं, डिझेलमधली हवा काढली, हीटरचं बटण ओढलं तर डॅशबोर्डवरची ती छोटी जाळी लालच होईना. दोन रविवार गेले. मी वायरी बघत बसले, बॅटरी बदलली, शेवटी चाचांनी विचारलं, गणपतीच्या माळेतला एक दिवा गेला की काय होतं? यातले प्लग एकामागे एक जोडलेले, एक गेला की सगळेच बंद. मग एकेका प्लगवरून वायर टाकत गेलो आणि चौथ्याला जाळी लाल झाली. बाबा, मला रडू आलं हो. मी पाच वर्षांची असेन, पहाटे तुम्ही मला मांडीवर बसवून म्हणायचात, बेबी, साठपर्यंत मोज, चुकलीस तर गाडी रुसेल. आणि मी एकोणतीसनंतर परत वीस म्हणायचे, आणि तुम्ही काही न बोलता बटण धरून बसायचात. पूर्ण केबिनला गुळाचा वास, हौद्यात कराडच्या ढेपा, ताडपत्रीवर मुंग्यांची रांग. त्या मुंग्या वाशीच्या मार्केटपर्यंत फुकट यायच्या असं तुम्ही सांगायचात आणि मला त्यांची काळजी वाटायची, परत घरी कशा जाणार म्हणून.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी चालू झाली. साठ मोजले, बरोबर मोजले. धूर एवढा की शेड दिसेना. तोच आवाज, आई, तोच. तुला नको असेल ऐकायला म्हणून रेकॉर्डिंग पाठवलं नाही.

आता एक गोष्ट लपवणार होते पण दादाचा पोरगा तेही सांगेल. मे महिन्यात टायरात हवा भरताना डिस्कची लॉक रिंग, टायर जागेवर धरून ठेवणारी, नीट बसली नव्हती आणि ती उडाली. वरच्या पत्र्याला वितभर भोक पडलं. मला काही झालं नाही, मी चहा आणायला गेले होते, खरंच, आणि चाचा लांब उभे होते. पण त्या दिवशी मी चहा न पिता घरी आले. आता आम्ही लोखंडी पिंजरा करून घेतलाय, त्यात चाक ठेवल्याशिवाय हवा भरायची नाही आणि भरताना समोर कुणी उभं राहायचं नाही. ब्रेकच्या जुन्या लायनरची धूळ पण हवेने उडवत नाही, त्यात ॲस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसून घेतो आणि मास्क लावतो. बाबा तुम्ही ती तोंडाने फुंकायचात. तो खोकला उगाच नाही. आणि कानाचं तर काय बोलायचं, तीस वर्षं उजव्या कानाशी उघडी खिडकी आणि पायाशी इंजिन. मी कानात बोळे घालते, इअरप्लग, आई काळजी नको.

म्हणजे मी सांगतेय ते हे की मला गाडीचा राग येत नाही. तुला येतो ते बरोबर आहे, तू बाहेर ओट्यावर होतीस आणि मी आत मांडीवर होते. मला एवढंच पाहिजे होतं की ती एकदा कुठेही न जाता चालू व्हावी. यापेक्षा नीट मला लिहिता येत नाही.

आता कामाचं. दिवाळीनंतर तुम्ही दोघं इकडे यायचं, हे ठरलंय, विचारत नाहीये. आई तुझ्या मोतीबिंदूचं आता पुढे ढकलायचं नाही, तारीख घेतलीय. कमोड बसवून घेतलाय, बाथरूममध्ये धरायला दांडी लावलीय, गिझर आहे, तुझी ज्वारी खालच्या चक्कीत दळून मिळते, पाणी मोरबे धरणाचं आहे, डाळ शिजते नीट. आतली खोली तुमची. पोरगा हॉलमध्ये झोपेल, त्याला आवडतं, टीव्ही असतो तिथे. बाबांना सकाळी निसर्ग उद्यानात चालायला सोडीन, तिथे गावाकडचे चार म्हातारे रोज असतात, भांडायला कुणीतरी मिळेल. रात्री विहिरीची मोटर चालू करायला बाबांनी जायचं नाही, गड्याला सांगा, साप असतात आणि त्या पायाने बांधावरून उतरू नका. गोळी जेवणाआधीची जेवणाआधीच घ्यायची, लक्षात आलं की नाही. आई, लोणच्याचा खार पण बंद, ताटात नुसतं ठेवते म्हणून चालणार नाही.

आणि आई, तुला यायचं नसेल कळंबोलीला तर नको येऊ. मी बाबांना एक रविवार नेईन आणि जेवायला परत आणीन, किती वाजता ते लिहून देऊन जाईन, आणि निघताना फोन करीन. पाटल्या मी पुढच्या दोन बोनसमध्ये करते. करतेच. पातळ होतील, पण करते.

माळ्यावर निळ्या पत्र्याच्या डब्यात बाबांचे फीलर गेज आहेत, टॅपेट लावायचे, आणि एक पितळी हातोडी. दादाबरोबर पाठवा, कुरिअरने नको.

शेवटचं. कानातलं मशीन कपाटात ठेवलंय असं दादा म्हणाला. बाबा, ते बंद पडलेलं नाही, त्याची बॅटरी संपली असेल. या पाकिटात सहा बॅटऱ्यांचं पान ठेवलंय, तपकिरी स्टिकरच्या. नंबर बघा त्यांचा, ३१२. मी दुकानात दोनदा वाचला. ही हवेवर चालते, त्यामुळे स्टिकर काढला की लगेच कानात कोंबायची नाही, हातावर ठेवून साठपर्यंत मोजायचं, मग बसवायची. चुकलात तर मशीन रुसेल. मग मला फोन करा, आईला मधे न घेता.

तुमची
बेबी